वृद्धसेवा हें जीवनकार्य होऊं शकतें काय?

आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांत दरवर्षीं एक प्रश्न विचारला जातो. शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे आम्ही एक तास अभ्यासक्रमाबाहेरचा घेतों, आणि प्रत्येक विद्यार्थ्यास उभें करून 'तूं पुढें काय करणार?' असें विचारतों. उत्तरें बहुधा ठरलेलीं असतात. कोणी डॉक्टर, कोणी इंजिनियर, कोणी स्पर्धापरीक्षा देऊन मोठा अधिकारी. अलीकडे संगणकाच्या धंद्यांत जाणारे सर्वांत अधिक. गेल्या वर्षीं मात्र मागच्या बांकावरील एक मुलगी उठली व शांतपणें म्हणाली, "मी म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याचें काम करणार." वर्ग हंसला. आम्ही हंसलों नाहीं एवढेंच. तिला शाबासकी देण्याचें आम्हांस सुचलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

चार दिवसांनीं तिचे वडील शाळेंत आले. सभ्य, कष्टाळू गृहस्थ. पोटास चिमटा घेऊन मुलांचें शिक्षण करणारे. ते म्हणाले, "सर, पोरीच्या डोक्यांत हें खूळ कोणीं भरविलें? लोकांचीं म्हातारीं माणसें उठवायचीं, बसवायचीं, त्यांचें मलमूत्र काढायचें, यासाठीं का तिला इतकी शिकविली? तें काम आयाबाया करतात. आपण दोन शब्द सांगून तिला वाटेवर आणावी." त्या वेळीं आम्हीं 'पाहूं' असें मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्या गृहस्थांस द्यावयाचें राहिलेलें उत्तर होय. तें इतर पालकांच्याहि उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें देत आहोंत.

आपलें जीवनकार्य कोणतें, मिशनच्या परिभाषेंत ज्यास 'पाचारण' म्हणतात तें कोणतें, हें माणसास लहानपणींच स्वच्छ उमगतें, असा एक समज विद्यार्थ्यांत रूढ आहे. तो चरित्रकारांनीं पसरविला असें आम्हांस वाटतें. चरित्रकार शेवट ठाऊक असतांना आरंभ लिहावयास बसतो. त्यामुळें नायकाच्या पाळण्यांतच त्यास सर्व चिन्हें दिसूं लागतात. वृद्धसेवेच्या इतिहासांत ज्यांचीं नांवें प्रथम घ्यावीं लागतात अशा दोन स्त्रियांचीं चरित्रें आम्हीं मुद्दाम वाचून पाहिलीं. एक मोलकरीण, दुसरी डॉक्टर. दोघींच्याहि वाट्यास हें काम आलें तें इतरांनीं नको म्हणून टाकलेलें होतें. आणि हातांत घेतल्यावरच तें आपलें आहे असें त्यांस कळलें.

पहिली झान ज्युगां. फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावर ब्रिटनी प्रांतांत कांकाल नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. तेथें १७९२ सालीं, राज्यक्रांतीच्या धामधुमींत, तिचा जन्म झाला. ती अगदीं लहान असतांना बाप समुद्रावर गेला तो परत आलाच नाहीं. सोळाव्या वर्षाच्या सुमारास ती एका श्रीमंत घरीं स्वयंपाकघरांत कामास राहिली. एका तरुण खलाशानें मागणी घातली, तिला तिनें नकार दिला. ईश्वरानें आपणास कांहीं कामासाठीं राखून ठेविलें आहे असें ती म्हणे. तें काम कोणतें हें मात्र तिला सांगतां येईना, आणि पुढें वीस वर्षें लोटलीं तरी सांगतां आलें नाहीं. पंचविशीच्या सुमारास ती जवळच्या सें-सेर्व्हां शहरांतील रुग्णालयांत परिचारिका झाली. सहा वर्षांत तिची प्रकृति खालावली व तें काम सोडावें लागलें. मग एका बाईकडे बारा वर्षें चाकरी; ती बाई १८३५ सालीं वारली. त्यानंतर एक म्हातारी सोबतीण व एक पोरकी मुलगी यांच्यासह तिनें लहानसें बिऱ्हाड केलें, आणि लोकांच्या घरीं कामास जाऊन ती पोट भरूं लागली. येथवर तिच्या आयुष्यांत कोणाच्याहि दृष्टीस पडण्याजोगें कांहीं नाहीं.

१८३९ च्या हिंवाळ्यांत ॲन शोव्हां नांवाची एक विधवा तिच्या पाहण्यांत आली. आंधळी, अंग लुळें पडलेलें, पाहणारें कोणी नाहीं. झाननें तिला उचलून आपल्या घरीं आणिलें, जिन्यावरून वर नेलें, आपल्या बिछान्यावर निजविलें, आणि स्वतः माळ्यावर निजूं लागली. एवढीच घटना. संस्था नाहीं, वर्गणी नाहीं, जाहीर सभा नाहीं. घरांत आपला म्हणून एक बिछाना होता, तो देऊन टाकला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षानंतर तिच्या कामाचा आरंभ झाला तो असा.

थोड्याच दिवसांत दुसरी म्हातारी आली. ही एका घराण्याची जुनी चाकर. धनी कफल्लक झाले तरी तिनें त्यांस सोडलें नव्हतें, आपली शिल्लक त्यांच्यावर खर्च केली होती, व शेवटीं त्यांच्यासाठीं भीकहि मागितली होती. १८४१ सालीं जागा पुरेना म्हणून मोठी जागा भाड्यानें घेतली. तेथें बाराजणी राहूं लागल्या. आतां प्रश्न अन्नाचा आला. या बायांपैकीं कित्येकजणी पूर्वीं दारोदार भीक मागत. झाननें त्यांस बाहेर जाऊं दिलें नाहीं. तुम्हांस कोण कोण देतें त्यांचीं घरें मला सांगा, असें विचारून घेऊन ती स्वतः टोपली घेऊन त्या दारांवर उभी राहूं लागली. आमच्या मतें तिच्या सर्व कामांत ही गोष्ट मोठी आहे. म्हाताऱ्या माणसास भाकरी देणारे पुष्कळ निघतात. त्याची लाज आपल्या अंगावर घेणारा क्वचित्. एकदां एका गृहस्थानें रागावून तिच्या श्रीमुखांत दिली; तेव्हां, ही माझ्यासाठीं झाली, आतां माझ्या गरिबांसाठीं कांहीं द्या, असें ती म्हणाली, अशी आख्यायिका सांगतात. १८४५ सालीं फ्रेंच ॲकॅडेमीनें सदाचरणाबद्दलचें आपलें पारितोषिक या मोलकरणीस दिलें.

यापुढचा भाग आम्ही वगळणार होतों, कारण तो मुलांस सांगण्यास कठीण आहे. संस्था वाढूं लागली तेव्हां तिच्या कारभारांत असलेल्या एका धर्मगुरूनें प्रमुखपद झानकडून काढून घेतलें, आणि हळूहळू संस्थापक आपणच असें जगास भासविलें. १८५२ सालीं तिला मुख्य मठांत बोलावून घेतलें. भिक्षेस जाणेंहि बंद झालें. त्यानंतर सत्तावीस वर्षें ती एक सामान्य भगिनी म्हणून राहिली. तिच्याबरोबर राहणाऱ्या नवख्या मुलींस, ही वृद्धाच आपल्या संस्थेची जननी, हें ठाऊकहि नव्हतें. १८७९ सालीं ती वारली, तेव्हां 'गरिबांच्या लहान भगिनी' या नांवाच्या त्या संस्थेंत सुमारें २,४०० भगिनी काम करीत होत्या. तीनच वर्षांनीं, १८८२ सालीं, त्यांचें घर आपल्या देशांत कलकत्त्यास उघडलें. खरा प्रकार पुढें उजेडांत आला, आणि २००९ सालीं रोम येथें तिला संतपद देण्यांत आलें. 'या कामांत मान नाहीं' असें म्हणणाऱ्या पालकांस आम्ही खोटें सांगूं इच्छीत नाहीं. मान मिळेलच असें नाहीं. झानला तो थोडा मिळाला, आणि मिळालेला काढून घेतला गेला. तरीहि ती सोडून गेली नाहीं. त्याअर्थीं त्या कामांत मानाखेरीज दुसरें कांहीं तरी मिळत असलें पाहिजे.

परंतु केवळ माया पुरत नाहीं. तिला ज्ञानाची जोड लागते. म्हाताऱ्या माणसाचा आजार म्हणजे म्हातारपण, आणि म्हातारपणास औषध नाहीं, असें दीर्घकाळ पुष्कळ वैद्यहि मानीत. न्यूयॉर्क येथील इग्नाट्झ नाशर यांस हें खटकलें. विद्यार्थिदशेंत एका वृद्धेच्या दुखण्याविषयीं त्यांनीं विचारलें असतां, तिला म्हातारपण झालें आहे, करण्यासारखें कांहीं नाहीं, असें उत्तर त्यांस मिळालें होतें. मुलांच्या रोगांचें जसें स्वतंत्र शास्त्र तसें वृद्धांच्या रोगांचेंहि असलें पाहिजे असें प्रतिपादून त्यांनीं १९०९ सालीं ग्रीक शब्दांवरून 'जेरिअॅट्रिक्स' हें नांव बनविलें. नांव झालें, तें काम रुग्णालयांत कसें करावें हें दिसून येण्यास आणखी पंचवीस वर्षें लागलीं.

तें ज्यांनीं दाखविलें त्या मार्जरी वॉरेन. लंडन येथील एका बॅरिस्टरच्या पांच मुलींतील या थोरल्या. १९२३ सालीं त्या डॉक्टर झाल्या, आणि १९२६ पासून लंडनच्या पश्चिम भागांतील एका रुग्णालयांत काम करूं लागल्या. तेंच पुढें वेस्ट मिडलसेक्स रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आलें. त्यांचा ओढा शस्त्रक्रियेकडे होता. वृद्धांचा विषय त्यांनीं निवडला नाहीं. तो त्यांच्या अंगावर येऊन पडला. इंग्लंडांत त्या काळीं 'वर्कहाऊस' असत. वर्कहाऊस म्हणजे निराधारांस कायद्यानें आसरा देणारें, परंतु आसरा घेणाऱ्यास शरम वाटावी अशाच बेतानें चालविलेलें घर. अशा एका घराचें शेजारीं असलेलें इस्पितळ १९३५ सालीं कारभारांतील फेरबदलानें त्यांच्या रुग्णालयास जोडलें गेलें. त्यांत सातशेंहून अधिक रोगी होते, बहुतेक वृद्ध, व कित्येक वर्षानुवर्षें खाटेवर पडून असलेले. त्यांच्याकडे पाहण्याची कोणाचीच फारशी इच्छा नव्हती. वॉरेनबाई पाहूं लागल्या.

त्यांनीं पहिली गोष्ट केली ती अगदीं साधी: एकेका रोग्यास नीट तपासलें. तेव्हां असें दिसून आलें कीं, 'म्हातारे' या एकाच नांवाखालीं अर्धांगवायु झालेले, हाड मोडलेले, संधिवाताचे, हृदयविकाराचे, बहिरे, आंधळे, मन भ्रमलेले, आणि केवळ घर नाहीं म्हणून आलेले, असे सर्व एकाच ओळींत निजविलेले होते. ज्यांस उपचार केला असतां गुण आला असता त्यांस कोणीं उपचारच केला नव्हता. येथें शरीरशास्त्राचे विद्यार्थी असतील त्यांनीं लक्ष द्यावें. निजवून ठेवलेलें शरीर निजण्याचीच संवय करून घेतें. स्नायु झडतात, गुडघे वांकड्या स्थितींत आंखडतात व पुढें सरळ होत नाहींत, पाठीस, कमरेस व टांचांस दाब बसून तेथील रक्तप्रवाह मंदावतो आणि जखमा पडतात, लघवीचा ताबा सुटतो, अन्नावरची वासना उडते. मग हें सर्व पाहून लोक म्हणतात, वय झालें. वस्तुतः यांतील बराच भाग वयानें नव्हे, खाटेनें केलेला असतो.

वॉरेनबाईंनीं रोग्यांचे त्यांच्या स्थितीप्रमाणें वर्ग पाडले. ज्यांस बसतां येईल त्यांस बसविलें, ज्यांस उभें राहतां येईल त्यांस उभें केलें, आणि हळूहळू चालविलें. डॉक्टर, परिचारिका, व्यायाम देणारे, हस्तव्यवसाय शिकविणारे, घरच्या परिस्थितीची चौकशी करणारे, अशा सर्वांनीं एका रोग्याविषयीं एकत्र विचार करावा, अशी व्यवस्था लाविली. उदासवाण्या भिंतींस उजळ रंग दिला, दिवे वाढविले, धरून चालण्यास कठडे बसविले, न डळमळणाऱ्या खुर्च्या आणिल्या, खाटांवर रंगीत पांघरुणें घातलीं. रंगीत पांघरुणाचा रोगाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. ज्या दालनांत मरणाची वाट पाहावयाची असते तेथें भिंतीच्या रंगाकडे कोणी लक्ष देत नाहीं. रंग दिला म्हणजे येथें कांहीं तरी व्हावयाचें आहे असें रोग्यास व परिचारिकेसहि कळतें. पुष्कळ माणसें खाटेवरून उठलीं. कांहीं स्वतःच्या घरीं परत गेलीं.

आमच्या घरांतून सेवा या शब्दाचा अर्थ दुसऱ्याचें सर्व कांहीं आपण करणें असा घेतला जातो. आजोबांनीं पाण्याचा तांब्या उचलूं नये, आजीनें वांकूं नये. वॉरेनबाईंची पद्धत याच्या उलट आहे. वृद्धास जें करतां येतें तें त्याच्याकडून काढून घ्यावयाचें नाहीं. सदऱ्याचें बटण लावण्यास त्यास दहा मिनिटें लागलीं तर लागूं द्यावीं. बटण लावून देणें सोपें आहे. दहा मिनिटें हातावर हात ठेवून, न कंटाळतां, पाहत बसणें कठीण आहे, आणि हेंच या धंद्यांतील कौशल्य होय. तशाच दुसऱ्याहि बारीक गोष्टी आहेत. कमी ऐकूं येणाऱ्याशीं ओरडून बोलूं नये. त्याच्यासमोर, आपल्या तोंडावर उजेड पडेल असें बसून, सावकाश बोलावें. खाटेवर पडून असणाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनीं बदलावी. निजल्या स्थितींत घांस भरवूं नये. अन्न श्वासनलिकेंत जाण्याची भीति असते. या गोष्टी कोणा आयाबाईस कोणीं शिकविल्या नाहींत म्हणून तिच्याकडून चुकल्या, तर दोष तिचा नव्हे. 'तें काम आयाबाया करतात' हें त्या गृहस्थांचें म्हणणें खरेंच आहे. आणि शिकलेल्या माणसानें त्यांत पडावें याचें कारणहि तेंच आहे.

आपल्या अनुभवावर वॉरेनबाईंनीं १९४३ व १९४६ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहिले, आणि वृद्धांचा विभाग प्रत्येक सर्वसाधारण रुग्णालयांत असावा असा आग्रह धरला. १९४७ सालीं या विषयांत काम करणाऱ्या डॉक्टरांची संस्था इंग्लंडांत निघाली, तिच्या स्थापनेंत त्या होत्या. १९६० सालीं परदेशच्या प्रवासांत मोटारीच्या अपघातानें त्यांचें निधन झालें. शस्त्रक्रियेकडे त्या परत गेल्या नाहींत.

आपल्या देशांत हें शास्त्र उशिरा आलें. मद्रासच्या सरकारी रुग्णालयांत डॉ. व्ही. एस. नटराजन यांनीं १९७८ सालीं वृद्धांसाठीं स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, आणि १९९६ सालीं मद्रासलाच या विषयांतील एम. डी. चा अभ्यासक्रम निघाला. दरम्यान गरज केवढी वाढली तें पाहा: २०११ च्या जनगणनेंत साठ वर्षें व त्यावरील माणसें दहा कोटींहून अधिक भरलीं. मुलगे पुण्यास, बंगलोरास, परदेशीं. गांवच्या वाड्यांत दोघें म्हातारीं, आणि त्यांतील एक गेलें म्हणजे एकटेंच. आईबापांचा निर्वाह मुलांनीं करावा असा कायदा २००७ सालीं झाला आहे. परंतु कायदा निर्वाहाचे पैसे देववूं शकतो. रात्रीं दोन वाजतां उठून कूस बदलवूं शकत नाहीं.

हें काम सर्वांस जमेल असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यास घाई फार, ज्यास एकच गोष्ट पांचव्यांदां ऐकतांना राग येतो, ज्यास रोग्याच्या बरे होण्यानेंच समाधान वाटतें, त्यानें दुसरें कांहीं करावें. कारण येथें पुष्कळ रोगी बरे होत नाहींत, केवळ अधिक चांगले दिवस काढतात. आणि ज्यास जमतें त्यानेंहि झानची पहिलीं सहा वर्षें ध्यानांत ठेवावीं: स्वतःच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष करून ही सेवा टिकत नाहीं.

हा लेख लिहावयास घेतल्यावर आम्ही त्या गृहस्थांच्या घरीं गेलों. तेव्हां एक गोष्ट कळली, जी मुलीनें वर्गांत सांगितली नव्हती आणि वडिलांनींहि आम्हांस सांगितली नव्हती. त्यांच्या मातोश्री दोन वर्षांपूर्वीं मोरींत घसरून पडल्या व खुब्याचें हाड मोडलें. एका रुग्णालयांत शस्त्रक्रिया उत्तम झाली. परंतु घरीं पाठवितांना, आतां वय झालें, विश्रांति द्या, एवढेंच सांगण्यांत आलें. घरच्यांनीं ती आज्ञा मायेनें पाळली. जागेवर ताट, जागेवर भांडें. चार महिन्यांत बाई इतक्या खंगल्या कीं कूस बदलण्यासहि दोन माणसें लागूं लागलीं. नातीस हें पाहवेना. तिनें हट्ट धरून फिजिओथेरपी जाणणाऱ्या एका बाईंस घरीं आणविलें. त्यांनीं आजीस प्रथम पाय खालीं सोडून बसविलें, मग हात असलेल्या खुर्चींत, मग वॉकरला धरून उभें केलें. रोज तें करून घेणें नातीकडे आलें. तिनें ती खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशीं नेली आणि आजीच्या मांडीवर तांदुळाचें सूप ठेवलें. पहिल्या दिवशीं निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. मुलीच्या आईनें ते मुकाट्यानें गोळा केले, आणि दुसऱ्या दिवशीं सूप पुन्हां तेथेंच ठेवलें.

आम्ही गेलों तेव्हां मातोश्री वॉकर टेकीत टेकीत स्वतः बाहेरच्या खोलींत आल्या, आणि "मास्तर, चहा घेणार ना?" असें त्यांनींच विचारलें. वडिलांचें मत अद्याप बदललेलें नाहीं. लग्नाच्या वेळीं हा धंदा लोकांस कसा दिसेल ही त्यांची चिंता आहे, आणि ती खोटी आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. मात्र आम्ही निघालों तेव्हां दारापर्यंत येऊन, परिचर्येचे अभ्यासक्रम किती वर्षांचे असतात, असें त्यांनीं हळूच विचारलें. बारावीनंतर जी. एन. एम. तीन वर्षांचा, बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा, असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं खिशांतून विजेचें बिल काढलें व त्याच्या पाठीवर तें लिहून घेतलें.